अस्मानी की सुलतानी? पूर-दुष्काळाकडे पाहण्याची कन्फ्यूशियसची परंपरा आणि भंडाऱ्याचे तलाव

मराठीत संकटांची एक जुनी जोडी आहे, अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळतं ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून येतं ते सुलतानी. पावसाने दगा दिला, पीक करपलं, ही झाली अस्मानी. त्याच वर्षी सारा मात्र पुरता वसूल झाला, ही सुलतानी.

ऐकायला ही विभागणी सोपी आहे. प्रत्यक्षात ती करणं किती अवघड असतं, हे भंडारा जिल्ह्याने ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाहिलं. वैनगंगेला महापूर आला. मोठा पाऊस पडला होता तो वर, मध्य प्रदेशात. तिथल्या शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सोडलं गेलं, खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत नदीकाठची गावं आणि धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. दिघोरी (मोठी) हे गाव ज्या लाखांदूर तालुक्यात येतं, तो तालुका चुलबंद आणि वैनगंगा या दोन नद्यांचा. गोसीखुर्दच्या खालच्या अंगाला असलेला. पूर ओसरल्यावर लोकांनी विचारलेला प्रश्न साधा होता. हे पाणी आभाळाचं, की दरवाजांचं?

याच प्रश्नावर चीनमध्ये अडीच हजार वर्षं वाद झाला. तो करणारे बहुतेक लोक कन्फ्यूशियसच्या परंपरेतले होते. त्यांचं एकमत कधीच झालं नाही, पण त्या वादातून एक विचार पुन्हा पुन्हा वर येतो: अस्मानी आणि सुलतानी यांच्यात पक्की भिंत नसते. संकट आभाळातून आलं तरी ते किती लोकांना मारतं, हे जमिनीवर ठरतं.

आभाळ, पण देव नाही

कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) हा लू नावाच्या लहानशा राज्यातला शिक्षक. हे राज्य आजच्या शानतुंग प्रांतात होतं. त्याच्या विचारांना 'धर्म' म्हणायचं की नाही, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. कारण त्यात नवसाला पावणारा किंवा रागावून पूर पाठवणारा देव मध्यभागी नाही. मध्यभागी आहे 'तिएन'. या शब्दाचं भाषांतर बहुतेक ठिकाणी 'स्वर्ग' असं केलेलं आढळतं, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. तिएन ही मेल्यावर जायची जागा नव्हे. आभाळ, ऋतुचक्र आणि जगाची नैतिक घडी, हे सगळं मिळून तिएन. आपल्याकडची वैदिक 'ऋत' ही कल्पना त्याच्या बरीच जवळ जाते, जरी दोन्ही एक नाहीत.

कन्फ्यूशियसच्या आठवणी त्याच्या शिष्यपरंपरेने 'लुन्यू' या संग्रहात जमवल्या. त्यात तो चमत्कार आणि भुताखेतांच्या गप्पांपासून लांब राहत असे, अशी नोंद आहे. जोराचा गडगडाट झाला, वादळ सुटलं की मात्र त्याचा चेहरा गंभीर होई. तो मासे गळाने धरायचा, मोठं जाळं लावत नसे. पक्षी टिपायचा, पण रात्री विसावलेल्या पक्ष्यावर बाण सोडत नसे. हा अहिंसेचा उपदेश नाही, हे लक्षात घ्यायला हवं. निसर्गातून घ्यायचं, पण घेण्याला काही रीत ठेवायची, एवढंच त्यात आहे. 'निसर्गाशी मेळ' या शब्दांभोवती आज जे धुकं जमलेलं असतं, त्यापेक्षा हे बरंच रोकडं आहे.

दुष्काळात कोणाला जाळायचं?

कन्फ्यूशियसच्या जन्माच्या कितीतरी आधी, इ.स.पू. ६३९ मध्ये, त्याच लू राज्यात मोठा दुष्काळ पडला. राजाने ठरवलं, पाऊस पाडण्याचे विधी करणाऱ्या मांत्रिकिणीला आणि एका अपंग माणसाला जाळायचं. अशा माणसांमुळे पाऊस अडतो, अशी समजूत होती. तेव्हा झांग वेनझोंग या मंत्र्याने राजाला अडवलं. त्याचं म्हणणं असं, की हा दुष्काळावरचा उपाय नव्हे. तटबंदी दुरुस्त करा, दरबारातलं खाणंपिणं कमी करा, खर्चाला आळा घाला, शेतीकडे लक्ष द्या, ज्यांच्याकडे धान्य आहे त्यांना वाटायला लावा. आणि ही माणसं खरंच पाऊस अडवू शकत असतील, तर त्यांना जाळून दुष्काळ वाढेलच की! राजाने ऐकलं. इतिहासात नोंद आहे, की त्या वर्षी टंचाई झाली, पण लोकांची हानी झाली नाही.

ही नोंद 'झ्वोझ्वान' या प्राचीन इतिहासग्रंथात आहे आणि हा ग्रंथ पुढे कन्फ्यूशियसी शिक्षणाचा भाग बनला. म्हणजे शतकानुशतकं चिनी अधिकारी परीक्षेसाठी जे वाचत होते, त्यात ही गोष्ट होती. संकट आलं की एखादं दुबळं माणूस शोधून त्याच्यावर खापर फोडायची खोड कुठल्याच समाजाला नवी नाही. करोनाच्या काळात ती आपल्याकडेही दिसली.

त्याच ग्रंथात झेंग राज्याच्या झीचान या मंत्र्याची हकीकत आहे. एका ज्योतिष्याने आगीचं भाकीत केलं आणि ती टाळण्यासाठी विधीला लागणारी मौल्यवान जेडची पात्रं मागितली. झीचानने दिली नाहीत. इ.स.पू. ५२४ मध्ये खरोखरच आग लागली. ज्योतिषी पुन्हा आला, या वेळी द्या नाहीतर पुन्हा आग लागेल म्हणाला. झीचानने पुन्हा नकार दिला. आभाळाची वाट दूरची, माणसाची जवळची, ती जवळची सोडून हा दूरचं काय जाणणार, असा त्याचा सूर होता. आग विझवायची, माणसं हलवायची, घरं गेलेल्यांना मदत द्यायची, ही व्यवस्था मात्र त्याने चोख केली. दुसरी आग लागली नाही. कन्फ्यूशियसला या झीचानबद्दल मोठा आदर होता.

'वर्षच वाईट होतं' हे कारण चालत नाही

मेन्शियस हा कन्फ्यूशियसनंतर सुमारे शंभर वर्षांनी जन्मलेला विचारवंत. तो एका राजाला भेटला. राजाची तक्रार होती, की आपण दुष्काळी भागातली माणसं हलवतो, धान्य पाठवतो, तरी आपली प्रजा वाढत नाही. मेन्शियसने त्याला चांगलंच सुनावलं. रस्त्यावर माणसं उपाशी मरतात, कोठारं उघडत नाहीत, आणि राजा म्हणतो वर्षच वाईट होतं. हे म्हणजे माणसाला भोसकून, मी नाही मारलं, हत्याराने मारलं, असं सांगण्यासारखं आहे.

त्याच भेटीत त्याने राजाला उपायही सांगितले, आणि ते थेट निसर्गाशी निगडित आहेत. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला वेठीला धरू नका. डोहात बारीक विणीचं जाळं टाकू देऊ नका. कुऱ्हाड जंगलात ठरल्या ऋतूतच जाऊ द्या. असं केलं तर धान्य, मासे आणि लाकूड कधी तुटणार नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये जी मासेमारी बंदी असते, तिच्यामागचं गणित हेच आहे: प्रजननाच्या काळात पाणी सोडून द्यायचं.

हे नुसते उपदेश राहिले नाहीत. कुठल्या महिन्यात काय करू नये, याची यादी पुढे सरकारी हुकूम बनली. दुनहुआंगजवळच्या वाळवंटी भागात एका प्राचीन टपाल-ठाण्याच्या उत्खननात भिंतीवर लिहिलेला इ.स. ५ सालचा हुकूम सापडला. त्यात ऋतूंप्रमाणे पन्नास कलमं आहेत. वसंतात झाडं तोडायची नाहीत, घरटी मोडायची नाहीत, पिल्लं आणि गाभण जनावरं मारायची नाहीत. राजधानीपासून इतक्या दूर, जिथे मुळात झाडंच कमी, तिथल्या भिंतीवरही तो लिहिला गेला होता. सरकारी परिपत्रकांची ही खोड जुनीच दिसते.

पाणी शेजाऱ्याकडे ढकलणारे

पुराबद्दल बोलताना चिनी माणूस यू राजाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाही. दंतकथा अशी, की महापूर आला तेव्हा आधी यूच्या वडिलांना, गुनला, काम दिलं. त्याने नऊ वर्षं बांध घातले. पाणी अडत गेलं, चढत गेलं, बांध फुटले. मग यूने पाणी अडवण्याऐवजी नद्यांचे मार्ग खोल केले, गाळ काढला, पाण्याला समुद्राकडे वाट दिली. तेरा वर्षं तो फिरत होता आणि या काळात तीनदा स्वतःच्या घरावरून गेला, पण आत शिरला नाही. इतिहास म्हणून ही गोष्ट तपासता येत नाही. पण राज्य करण्याचा हक्क कशाने मिळतो, याचं चीनमधलं उत्तर तिच्यात आहे. पुरात कोण कामाला आलं, यावरून.

मेन्शियसच्या काळात बाय ग्वे नावाचा एक मंत्री फुशारकी मारत होता, की पूर आवरण्यात आपण यूच्याही पुढे गेलो. मेन्शियस म्हणाला, तुझं चुकलंय. यूने पाणी समुद्रात सोडलं. तू ते शेजारच्या राज्यात सोडतोस. चिनी भाषेत यावरून चार अक्षरांची म्हण पडली आणि ती आजही वर्तमानपत्रांत वापरली जाते: शेजाऱ्यालाच पाण्याचा खड्डा करणे.

आता पुन्हा वैनगंगेकडे पाहा. संजय सरोवर एका राज्यात, गोसीखुर्द दुसऱ्या. २०२० च्या पुरानंतर सर्वांत जास्त चर्चा झाली ती दोन राज्यांमधल्या समन्वयाची आणि खालच्या गावांना वेळेत मिळालेल्या, न मिळालेल्या सूचनेची. धरण धोक्यात आलं तर दरवाजे उघडावेच लागतात, यात वाद नाही. धरण फुटलं तर होणारं नुकसान कितीतरी मोठं असतं. पण मेन्शियसची कसोटी दरवाजा उघडण्यावर थांबत नाही. ते पाणी ज्यांच्या दारात जाणार होतं, त्यांना हिशेबात धरलं होतं का, असं ती विचारते.

आभाळाच्या नावाने राजकारण

इथवर सगळं समजूतदार वाटतं. पण या परंपरेची दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक प्रसिद्ध आहे.

हान राजवटीच्या काळात दोंग झोंगशू (सुमारे इ.स.पू. १७९ ते १०४) या विद्वानाने एक सिद्धान्त पक्का केला. माणूस आणि आभाळ एकमेकांना प्रतिसाद देतात. राजा चुकला की आभाळ आधी पूर, दुष्काळ, आग अशा आपत्तींनी इशारा देतं. तरी तो सुधारला नाही, तर ग्रहणं आणि विचित्र घटनांनी घाबरवतं. तरीही नाहीच, तर राज्य जातं.

आज हे अंधश्रद्धेसारखं वाटतं. पण ते कोणाच्या विरोधात वापरायचं होतं, हे पाहिलं की चित्र बदलतं. सम्राटावर निवडणूक नव्हती, न्यायालय नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं. त्याला प्रश्न विचारायला एकच जागा उरली होती, आभाळ. त्याआधीच इ.स.पू. १७८ मध्ये सूर्यग्रहण झालं, तेव्हा सम्राट वेनने जाहीरनामा काढून स्वतःचा दोष पत्करला होता आणि आपल्या चुका स्पष्टपणे सांगतील अशी माणसं पुढे करा, असं प्रजेला सांगितलं होतं. पुढच्या दोन हजार वर्षांत असे 'स्वतःला दोष देणारे' जाहीरनामे सम्राटांनी वेळोवेळी काढले. त्यांच्यासोबत कधी सारा माफ होई, कधी कैदी सुटत, कधी महालाचं बांधकाम थांबे.

खुद्द दोंगला मात्र हा सिद्धान्त महागात पडला. इ.स.पू. १३५ मध्ये राजघराण्याच्या दोन पूजास्थानांना आगी लागल्या. दोंगने घरी बसून या आगींचा अर्थ लावणारा मसुदा लिहिला. झूफू येन नावाच्या एका मत्सरी दरबाऱ्याने तो चोरून सम्राटापुढे ठेवला. सम्राटाने विद्वानांना मत विचारलं. त्यात दोंगचाच एक शिष्य होता. लिखाण गुरूचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते शुद्ध मूर्खपणाचं ठरवलं. दोंगला मृत्युदंड झाला, मग माफी मिळाली. त्यानंतर आपत्तींवर बोलायचं धाडस त्याने पुन्हा केलं नाही.

आणि जबाबदारीचं हे हत्यार उलटंही फिरवता येत होतं. इ.स.पू. ७ मध्ये मंगळ एका अशुभ मानलेल्या नक्षत्रात थांबल्याचं सांगण्यात आलं. दोष सम्राटाचा होता, पण तो पंतप्रधान झाय फांगजिनवर ढकलला गेला आणि त्याला आत्महत्या करावी लागली. आधुनिक खगोलगणिताने मागे जाऊन पाहिलं तर त्या वेळी मंगळ तिथे नव्हताच. पुढे पूर किंवा भूकंप झाला की मोठ्या मंत्र्याला घरी पाठवायचं, ही पद्धतच पडली. वरचा सुरक्षित, खालचा निलंबित. हे दृश्य ओळखायला चिनी इतिहास माहीत असण्याची गरज नाही.

टोळांची पूजा करू नका, टोळ मारा

या सिद्धान्ताला सर्वांत कडक विरोध कन्फ्यूशियसी परंपरेच्या आतूनच झाला. दोंगच्याही आधी शुन्झी या विचारवंताने लिहून ठेवलं होतं, की आभाळाचा क्रम चांगल्या राजासाठी बदलत नाही आणि वाईट राजासाठीही नाही. पावसासाठी प्रार्थना केली आणि पाऊस आला, तर त्याचा अर्थ काय? काही नाही, प्रार्थना केली नसती तरी आला असता. विधी करावेत, ते समाजाला शोभा देतात. पण त्यांनी काम होतं असं समजलात तर फसाल. खरी भीती वाटावी अशी अपशकुनं माणसंच घडवतात: शेत नीट न कसणं, धान्य महाग होणं, रस्त्यावर भुकेने मेलेली माणसं. वांग छोंग (इ.स. २७ ते सुमारे ९७) याने आणखी सोपा प्रश्न केला. सर्वांत आदर्श मानलेल्या राजांच्या काळातही महापूर आणि वर्षानुवर्षांचे दुष्काळ पडले होते. मग ती शिक्षा कशाची?

इ.स. ७१६ मध्ये हा वाद शेतात उतरला. शानतुंग भागात टोळधाड आली. शेतकरी बांधावर उदबत्त्या लावून टोळांपुढे हात जोडत होते आणि पीक डोळ्यांदेखत जात होतं. याओ छोंग या मंत्र्याने हुकूम काढला: रात्री आगी पेटवा, बाजूला खड्डे खणा, टोळ उजेडाकडे येतील, जाळा आणि पुरा. एका सुभ्याने हे मानायला नकार दिला. आभाळाची आपत्ती सदाचरणाने टळते, असं त्याचं म्हणणं. याओने उत्तर पाठवलं, की सदाचरणाने टोळ टळत असतील, तर तुझ्या भागात टोळ आले म्हणजे तुझं आचरण वाईट, असंच झालं ना? सुभा वरमला. टोळ मारले गेले. टोळधाड त्यानंतरही राहिली, पण मोठा दुष्काळ पडला नाही.

आपल्याकडे याला जवळचा प्रसंग म्हणजे १९३४ चा. १५ जानेवारीला बिहारमध्ये भूकंप झाला आणि महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेच्या विरोधातच होते. तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली. भूकंपाचं कारण भौतिक असतं आणि मेलेल्यांत गरीबच जास्त असतात, मग ही कसली नीती, असा त्यांचा मुद्दा होता. गांधींच्या जागी दोंग आणि टागोरांच्या जागी शुन्झी ठेवला तरी वाद तसाच चालू राहील.

कोठार, पर्जन्यमापक, जंगल

वादाचा निकाल लागला नाही, पण व्यवस्था उभ्या राहिल्या. बाराव्या शतकातला मोठा तत्त्वज्ञ झू शी. ११६८ मध्ये त्याच्या भागात उपासमार झाली. त्याने सरकारकडून ६०० 'शी' धान्य (शी हे तिथलं मोठं माप) उसनं मिळवून गावात वाटलं आणि पुढे गावाचंच कोठार उभारलं. उन्हाळ्यात कर्जाऊ धान्य द्यायचं, सुगीला वाढीसह परत घ्यायचं. चौदा वर्षांत मूळ धान्य सरकारला परत करून कोठारात ३,१०० शी शिल्लक होतं. कोरियात, जिथे राज्यकारभार कन्फ्यूशियसच्या विचारांवर उभा होता, सेजोंग राजाच्या काळात १४४१ मध्ये पर्जन्यमापक तयार झाला आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवला गेला. राजा पावसासाठी प्रार्थनाही करत असे आणि पडलेला पाऊस मोजतही असे.

जपानमध्ये कुमाझावा बान्झान (१६१९ ते १६९१) या कन्फ्यूशियसी विद्वानाने ओकायामामधला १६५४ चा पूर पाहिला, मदतकार्य केलं आणि डोंगर बोडके झाले की माती वाहून नदीचं पात्र भरतं, मग पूर येतो, हे ठामपणे मांडलं. १६६६ मध्ये तिथल्या केंद्रीय सत्तेने नदीखोऱ्यातल्या झाडतोडीला लगाम घालणारा हुकूम काढला. महाराष्ट्रात हेच निरीक्षण 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये महात्मा फुल्यांनी नोंदवलं: डोंगरावरचं खत-माती वाहून जातं, त्यासाठी बांध-बंधारे घाला, तलावांतला गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्या. दोघांनी एकमेकांचं काही वाचलं असण्याची शक्यता नाही. डोंगर आणि पाऊस सगळीकडे सारखेच वागतात.

एवढं सगळं असूनही चीनची जंगलं वाचली का? नाही. लोकसंख्या वाढली, शेती डोंगरावर चढली, पिवळ्या नदीत गाळ साचत गेला आणि तिने पुन्हा पुन्हा पात्र बदललं. विसाव्या शतकात माओच्या काळात परंपरेलाच मागास ठरवून निसर्गावर विजय मिळवायची भाषा आली. १९५८ च्या मोहिमेत चिमण्या मारल्या गेल्या आणि किडी वाढल्या. 'चिनी संस्कृती म्हणजे निसर्गाशी सुसंवाद' असं जे सरसकट सांगितलं जातं, त्यावर म्हणूनच डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ग्रंथ सांगतात ते समाज करतोच असं नाही. आपल्याकडच्या नद्यांच्या आरत्या आणि नद्यांची अवस्था शेजारी ठेवून पाहिली तरी हे कळतं.

मामा तलाव: करणाऱ्यांची शिस्त

दिघोरीच्या परिसरात, किंबहुना भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सगळ्या धानपट्ट्यात, निसर्गाशी मेळ कशाला म्हणायचं याचं उत्तर ग्रंथात नाही, जमिनीवर आहे. हे जिल्हे तलावांचे. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलीत 'मामा तलाव', इथे हजारोंनी आहेत आणि त्यांच्या जोडीला शेताशेतात लहान बोड्या. यातले बरेच तलाव कोहळी समाजाने बांधले. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देऊन प्रोत्साहन दिलं, असं परंपरा सांगते. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध हा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे.

या तलावांचं काम यूच्या गोष्टीसारखं आहे, बांध आणि वाट दोन्ही मिळून. वरचा तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या. जोराच्या पावसाचं पाणी एकदम नदीत धावत नाही, टप्प्याटप्प्याने उतरतं. पावसाने मध्येच ओढ दिली आणि धान निसवायच्या वेळी पाण्याची गरज पडली, की तेच पाणी पाटाने बांध्यांत येतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळातला गाळ काढून शेतात टाकायचा. तलावाची खोली राहते, शेताला खत मिळतं. मासे ढिवर समाज धरतो. काठच्या ओल्या जमिनीवर आणि धानाच्या बांध्यांत सारस पक्षी उतरतो. महाराष्ट्रात तो आता जवळपास याच भागात उरला आहे.

कोहळ्यांनी किंवा ढिवरांनी मेन्शियस वाचला नव्हता, हे वेगळं सांगायला नको. पण कोणत्या महिन्यात काय काढायचं आणि काय सोडायचं, याचे नियम दोन्हीकडे सापडतात. आणि मालगुजारी हे काही रामराज्य नव्हतं. जमीन थोड्यांकडे होती, वेठ होती. तलावाचा गाळ पुष्कळदा याच वेठीच्या जोरावर निघत असे.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली; भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले. पुढे मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, लहान जिल्हा परिषदेकडे. वेठ गेली, हे चांगलंच झालं. पण वेठीच्या जागी कोण गाळ काढणार, हे ठरलं नाही. तलाव उथळ होत गेले, काठ शेतात गेले, तळात बेशरम माजली. उथळ तलाव पावसाळ्यात लवकर भरतो आणि लवकर सांडतो. उन्हाळ्यात लवकर आटतो. म्हणजे एकच दुरुस्ती राहून गेल्याने पूरही वाढतो आणि टंचाईही. वैनगंगेसारखा महापूर मामा तलावांनी थोपवला असता, असं नव्हे. तेवढं पाणी त्यांच्या आवाक्याबाहेरचं. पण गावाच्या नाल्याला येणारा पूर आणि गावाच्या बांधीला पडणारी ओढ यांच्याशी त्यांचा थेट संबंध आहे. यातलं अस्मानी किती आणि सुलतानी किती, हे मोजायला ज्योतिषी लागत नाही. तलावाच्या पाळीवर उभं राहून तळाची खोली पाहिली तरी पुरतं.

२०१७ पासून राज्य सरकारच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ काढून शेतात टाकण्याचं काम निघालं. त्याहून वेगळी वाट भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धरली. ढिवरांच्या मासेमारी संस्था आणि गावातल्या बायका यांना बरोबर घेऊन तलावांतली बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा आणि त्यात स्थानिक पाणवनस्पती परत लावायच्या, असं हे काम आहे. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, ही माहिती ढिवरांकडे होती. ती आधी कोणी विचारली नव्हती.